अंगठ्यासाठी आलेली बाई

राजकुमार सरांनी खिडक्यांवर चादरी टांगायला सांगितल्या, तेव्हाच दहावीच्या मराठी माध्यमाच्या वर्गाला कळलं की आज धडा नाही, आज सिनेमा. फळ्याच्या जागी बसवलेला डिजिटल बोर्ड एकदा निळा झाला, एकदा काळा झाला, आणि मग त्याच्यावर हिरवट ठिपके तरंगायला लागले.

"सर, हिरोईन कोणती?" मागच्या बाकावरून रुपानं विचारलं.

"पांढरी पेशी. आणि तू गप बस." सर हसले. "हे जिवंत उंदराच्या कातडीखालचं चित्र आहे, सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं. अर्ध्या तासाचं अर्ध्या मिनिटात दाखवतायत. आता लेझर किरणाचा टोचा मारून एक पेशी मारणार आहेत. फक्त एक. बघा."

मधोमध एक ठिपका थरथरला आणि विझला. बस, एवढंच. पण आजूबाजूला ज्या पांढऱ्या पेशी उगाच इकडेतिकडे हिंडत होत्या, त्या थबकल्या. रानात चरता चरता हरणं थबकतात ना, तशा. मग वळल्या. एकीनं दुसरीला सांगितलं असं काही दिसलं नाही, तरी सगळ्या वळल्या, आणि चारी बाजूंनी त्या विझलेल्या ठिपक्याकडे निघाल्या.

पूनमचा हात वर गेला.

या हाताबद्दल थोडं सांगायला पाहिजे. दहा वर्षं पूनम तेलंगणाच्या सीमेवरच्या या शाळेत होती आणि निम्म्या मास्तरांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. मग डिसेंबरात जवळच्या तलमडुगूच्या विज्ञान मेळाव्यात तिच्या ज्वारीच्या धांड्यांच्या कोळशाच्या पाणी-गाळणीला दुसरा नंबर मिळाला, माईकवर बोलावं लागलं, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला तिथंच पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून तो हात खाली राहायचं नावच घेत नव्हता.

"सर, त्यांना कळलं कसं? कान नाहीत, डोळे नाहीत."

"हाक आली."

"कोणाची?"

"मेलेल्या पेशीची. पेशी फुटली की आतलं रसायन बाहेर सांडतं. ते सांडणं म्हणजेच हाक. ते जिथवर पसरतं तिथवरच्या पांढऱ्या पेशी वळतात. त्यातली एखादी तिथं जाऊन स्वतःच मेली, की तिची वेगळी हाक. मग हाकेवर हाक. गर्दी होते. ती जागा लाल होते, सुजते, तापते. दाह म्हणतात तो हाच."

"मग चांगलंच आहे की. मदतीला आल्या."

"आल्या खऱ्या. पण एवढ्या आल्या की शेजारच्या धडधाकट पेशीही त्यात चिरडल्या जातात. बघ."

बोर्डावर तो काळा डाग वाढत होता. एका ठिपक्याचा डाग आता वाटीएवढा झाला होता, आणि तरी त्या येतच होत्या.

मग सरांनी दुसरं चित्र लावलं. तीच जागा, तसाच टोचा. पण या वेळी जवळ एक मोठी, बेढब पेशी निवांत बसलेली होती. ठिपका विझला तशी ती हलली. तिच्या अंगातून हात फुटले, लांब झाले, आणि तिनं त्या मेलेल्या पेशीला चहूबाजूंनी गुंडाळून घेतलं. लांबून निघालेल्या पांढऱ्या पेशी अर्ध्या वाटेत थांबल्या. काय काम होतं ते विसरल्यासारख्या पुन्हा हिंडायला लागल्या.

"ही भक्षक पेशी," सर म्हणाले. "ही धावत येत नाही, तिथलीच असते. आधी मेलेल्याला झाकते, म्हणजे हाक दबते. मग हळूहळू खाऊन टाकते. आणि खाऊन झालं की बाकीच्यांना कळवते, झालं, आता शांत व्हा."

"पण सर, शेजारची जिवंत पेशी काऊन नाही खात ती?" पूनम घाईत गावची बोली बोलून गेली, आणि कोणी हसलं नाही.

"छान प्रश्न. मरायला टेकलेल्या पेशीचं आतलं अस्तर बाहेर येतं. अंगातला सदरा उलटा घातल्यासारखं. भक्षक पेशी चाचपून बघते. हाताला अस्तर लागलं की तिला समजतं, हे आपल्यासाठी आहे."

चादरीच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. मागच्या बाकावरून रुपा म्हणाली,

"म्हंजे आपली द्वारकाबाई!"

सगळा वर्ग हसत सुटला. राजकुमार सर बाहेरगावचे, निर्मलचे. त्यांनी विचारलं, "कोण द्वारकाबाई?" पण ते मात्र कोणीच सांगितलं नाही.

कारण द्वारकाबाईचं नाव हसण्यावारी एकदा घेता येतं, दुसऱ्यांदा नाही. गावाच्या शेवटाला, नाल्याच्या अंगाला तिचं घर. गावात बाई वारली की तिला शेवटची आंघोळ द्वारकाबाई घालायची. यात भ्यायचं काही नाही. भ्यायचं ते पुढं आहे. तिला बोलवायला कोणी जात नसे. ती आपोआप येई, आणि माणूस जायच्या आधी येई. काळी घोंगडी गुडघ्यांवर घेऊन ओट्यावर बसे, पाणीसुद्धा मागत नसे. पांडुरंगरावांच्या ओट्यावर अशीच दोन दिवस बसली होती. घरच्यांनी शिव्या दिल्या, अंगावर पाणी फेकलं, ती हलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पत्नी ताराबाई गेल्या. भाकरी थापता थापता गेल्या.

बाया म्हणायच्या, ती घेऊनच येते. ती गल्लीतून निघाली की दारं लागायची आणि पोरी गिट्ट्यांचा डाव तसाच टाकून आत पळायच्या. पूनमही पळायची. विज्ञान मेळाव्यात नंबर आल्यावरसुद्धा.

* * *

घरी आली तर आई खाटेवर पडलेली होती.

खाट समोरच्या खोलीत होती आणि त्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत कापूस घरात ठेवायचा, ही या भागातली रीतच आहे. दोन महिने माणसांनी कडेकडेनं राहायचं आणि मधली जागा कापसाला द्यायची. अंग खाजतं, जेवणात तंतू येतात, पण सवय होते. एवढा पांढरा ढीग घरात असला की घरात आवाज उरत नाही, तो सगळा पिऊन टाकतो.

मंगळवारी आई, म्हणजे जयवंताबाई, शेतात पऱ्हाटी, म्हणजे वेचून झालेली कापसाची झाडं, उपटायला गेली होती. कापलेल्या पऱ्हाटीचं एक धसकट चप्पल फोडून उजव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. गावात अशा जखमेला एकच इलाज. समोरच्या बयनाबाईनं बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं कढत तेल जखमेत सोडलं, चर्रकन. वरून हळद, खोबरेल आणि जुन्या धोतराची पट्टी. आणि ताकीद : "सात दिवस पट्टी सोडाची नाई. कोनाची नजर पडली का बिबा उतते."

चौथ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजला. बयनाबाई बघून खूश झाली. "बिबा उतला. कोनं तरी पाह्यलं असंल. बसंल आपोआप." बिबा उतला की सूज येते, कातडी लाल होते, हे लहान पोरालाही माहीत. त्यामुळं सुजेचं कारण कोणी दुसरं शोधलंच नाही.

"दुखते का वं आई?" पूनमनं विचारलं.

"नाई ना. हेच तं नवल. काईच दुखत नाई. अंगठा हाय का नाई तेबी समजत नाई." आई हसली. तिचे ओठ कोरडे पडले होते. "पानी दे जरा."

उशाचा तांब्या रिकामा होता. सकाळपासूनचा चौथा. आई आजकाल सारखी पाणी पीत होती आणि सारखी मोरीत जात होती. पूनम पाणी आणायला मागं गेली तर मोरीच्या कडेला मुंग्यांची काळी रांग लागलेली. साखर सांडली तर मुंग्या येतात. मोरीत साखर कोण सांडेल?

ती तांब्या घेऊन परतली, आणि थांबली.

आईच्या पट्टीवर कापूस होता. दहा-बारा बारीक पुंजके, अंगठ्यापाशी. पूनमनं ते वेचले, खिडकीबाहेर फेकले. आईला पाणी दिलं. वळून बघते तर पुन्हा चार. तिनं मग खाटेच्या पायथ्याशी बसून नीट पाहिलं. ढिगावरून एक पुंजका सुटला. हवेत तरंगला. आईच्या उशीवरून गेला, हातांवरून गेला, डाव्या पायावरून गेला, कुठं टेकला नाही. उजव्या अंगठ्यापाशी आला आणि खाली बसला. मग दुसरा सुटला.

तेलकट पट्टी आहे, चिकटतो, पूनमनं स्वतःला सांगितलं. अगदी सरांच्या आवाजात सांगितलं.

"असं काय पाह्यतं वं?" आई उठून बसली. तिचा पदर समोर आला आणि पूनमला दिसलं की पदराच्या काठावरचे मोर उलट्या बाजूचे आहेत. सुटे धागे वर, नक्षी खाली. सबंध लुगडं उलटं होतं.

"आई, तू लुगडं उलटं नेसलं."

"व्हय का?" आईनं पदर हातात धरून बघितला. "सकाळपून डोयाले अंधारी येऊन राह्यली. राहू दे, कोन पाह्यते."

पूनमनं ते राहू दिलं नाही. आईला जवळजवळ ओढून उभी केली आणि लुगडं सुलटं नेसवलं. निऱ्या घालताना ती अशी घाई करत होती की आई म्हणाली, "कुठं जाचं हाय का आपल्याले?"

संध्याकाळी बाबा, वामनराव, शेतातून आले. पूनम म्हणाली, "बाबा, आईले दवाखान्यात नेऊ." शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज घरात आला की असा बारीक व्हायचा.

"बयनाबाईनं माह्या पायाचं बी केलं होतं. हे पाह्य." बाबांनी तळपाय वर केला. "दोन दिवस राह्यले. मधात सोडलं तं सारं वाया."

"पन बाबा..."

"तू अभ्यास कर, माय."

* * *

दुसरा दिवस रविवार. बाबा सकाळीच शेतात गेले. दुपारी बाराच्या सुमाराला गल्लीत दार लागल्याचा आवाज आला. मग दुसरं दार. मग तिसरं. आवाज जवळ येत होता.

पूनम उंबऱ्यात आली. भर उन्हात, काळी घोंगडी हातावर टाकून द्वारकाबाई येत होती. ना वाकलेली, ना भेसूर. साधी उंच म्हातारी, पायात रबरी चप्पल. फक्त ती इकडेतिकडे बघत नव्हती. मान किंचित वाकडी, लांबचं काही ऐकत असल्यासारखी. पूनमच्या घराच्या पुढं दोन पावलं गेली. थबकली. आणि वळली.

पूनमनं ते थबकणं आणि वळणं आधी पाहिलं होतं. हिरवट रंगात, बोर्डावर.

द्वारकाबाई ओट्यावर बसली. घोंगडी गुडघ्यांवर घेतली.

समोरून बयनाबाई कडाडली, "ए बुडे! ऊठ तिथून! चांगल्या घरच्या दारात काऊन बसली? दोन दिवसात बरी होते ते!"

द्वारकाबाईनं घोंगडीची कड नीट केली. पण बयनाबाईचं ओरडणं ऐकून शेजारची आली. तिनं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. तिचा हुंदका ऐकून तिसरी आली. मग पाणवठ्याकडच्या आल्या, मग खालच्या गल्लीतल्या. द्वारकाबाईला टाळून, भिंतीला घासत, एकेक करत सगळ्या घरात शिरल्या. "जयवंता, काय झालं वं तुले!" म्हणत कोणी छाती पिटली, आणि रडणं ऐकून आणखी आल्या. कापसाच्या ढिगानं आधीच जागा खाल्लेली, उरलेल्या जागेत पंधरा-वीस बाया. कोणी आईचं डोकं दाबत होतं, कोणी हात चोळत होतं. पायांच्या धक्क्यानं कापूस उडायला लागला. हवा पांढरी झाली.

"मले काई नाई झालं," आई म्हणत होती, पण तिचा आवाज त्या गर्दीच्या खाली होता. तिचं अंग तापलं होतं. तिला श्वास पुरत नव्हता.

"सरका, सरका!" बयनाबाई दिवा आणि बिबा घेऊन घुसली. "बिबा कच्चा राह्यला. अजून एक चटका देतो, पट्टीच्या वरून."

पूनम दाराला टेकून उभी होती. सगळ्या मदतीला आल्या होत्या. सगळ्यांचा जीव तुटत होता. आणि तो काळा डाग वाढत होता, वाटीएवढा, ताटाएवढा. ओरडायचं होतं, पण घरात तिचा आवाज तोच, बारीक.

तिच्या खांद्याला खरखरीत काही लागलं. घोंगडी. द्वारकाबाई आत आली होती.

बाया आपोआप बाजूला झाल्या. तिला कोणी शिवू नये, तिनं कोणाला शिवू नये, म्हणून भिंतीला चिकटल्या. द्वारकाबाई खाटेपाशी गेली. दोन्ही हातांनी घोंगडी पसरली. ते हात केवढे लांब होते, पूनमला नंतरही आठवायचं. घोंगडी खाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. आईचे दोन्ही पाय, खाटेचा पायथा, सगळं झाकलं गेलं, आणि म्हातारी त्याच्यावर ओणवी झाली.

रडणं थांबलं. कोणी बटण दाबल्यासारखं थांबलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीला चुलीवर ठेवलेलं दूध आठवलं. दुसरी म्हणाली, पोरगं एकटं आहे घरी. आल्या तशाच त्या एकेक करून गेल्या. बयनाबाई तेवढी दिवा धरून दारात उभी राहिली.

"इकडं ये, पोरी," द्वारकाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, पीठ चाळता चाळता बोलावं तसा.

पूनम गेली. का गेली, ते तिलाही सांगता येणार नाही.

"भेते काय मले?"

"हो."

"भे. पन आयक. मी तुह्या मायसाठी नाई आली."

"मग?"

"अंगठ्यासाठी आली." तिनं घोंगडीचं टोक उचललं. "माय जिती हाय. अंगठा मेला. परवापून बोंबलून राह्यला तो. तुमाले आयकू येत नाई?"

घोंगडीखालून वास आला. गोडसर, ओला. इतके दिवस हळद आणि खोबरेल यांच्या आड लपलेला.

"त्याले कोनं नेलं नाई," द्वारकाबाई म्हणाली. "मेलेलं वेळेवर नेलं नाई का ते जितं खाते. सोड पट्टी."

"सात दिवस नाई झाले!" दारातून बयनाबाई किंचाळली. "पूनम, हात लावशीन तं पाह्य! मायचा जीव जाईन अन् तुह्या माथी येईन!"

पूनमचे हात गाठीवर थांबले. आईकडे पाहिलं. आई डोळे मिटून पडली होती, कपाळावर कापसाचा एक तंतू. बाबा शेतात होते. विचारायला कोणी नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, आणि तो आवाज तलमडुगूच्या माईकवरचा होता, "दिवा इझवा. कापसात दिवा घेऊन उभ्या हाव तुमी. अन् आत या, मले उजेडाकडून पाय धरून द्या. माह्या माथी येऊ दे."

बयनाबाईनं फुंकर मारली. का मारली तिचं तिलाच कळलं नसेल.

पट्टी सुटली. शेवटचा पदर सोलून काढावा लागला. अंगठा काळा होता. जळक्या पऱ्हाटीसारखा काळा, आणि काळेपणाच्या कडेला लाल, आणि लालाच्या पुढं पांढरट पू. बयनाबाईच्या तोंडून फक्त "बाप्पा" एवढंच निघालं. तिच्या हातातला विझलेला दिवा खाली पडला.

पूनमनं एकशे आठला फोन लावला. पलीकडे तेलुगू. पूनमचं तेलुगू म्हणजे सहामाहीत बेचाळीस मार्कांचं. पण त्या दिवशी ती अशी बोलली की मास्तरांनी ऐकलं असतं तर जागेवर पन्नास दिले असते.

* * *

आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात नर्सनं आधी पायाकडे पाहिलं, "अम्मा, कालु चूपिंचु," म्हणजे पाय दाखव, असं म्हणत दिवा जवळ आणला, आणि मग बोटाला टोचून रक्त काढलं. यंत्रावर आकडा आला, तीनशे ऐंशी.

"शुगर कब से है?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"किसको?" बाबा म्हणाले.

म्हणून ते पाणी. म्हणून मोरीतल्या मुंग्या. म्हणून न दुखणारा अंगठा. डॉक्टरीणबाईंनी हिंदीतून सगळं समजावलं. साखर वाढली की पायाच्या नसा मुक्या होतात, दुखणं कळत नाही. त्यात धसकट, त्यात बिब्याचा चटका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेलेल्या पेशी उचलून नेणाऱ्या पेशीच साखरेत सुस्त पडतात. मेलेलं तिथंच राहतं. ते हाका मारत राहतं, येणाऱ्या येत राहतात आणि त्याही तिथंच मरतात.

"और दो दिन रुकते तो पैर जाता," त्या म्हणाल्या. "उसके बाद..." त्यांनी केसपेपर ओढून लिहायला घेतलं. बाबांनी तेव्हा पूनमकडे बघितलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

अंगठा काढला. आई वाचली.

बयनाबाई सगळा वेळ बाहेरच्या बाकावर बसून होती, पदरानं नाक पुसत. दुसऱ्या दिवशी सकाळी पूनम चहा घेऊन गेली, तर त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला द्वारकाबाई. गुडघ्यांवर घोंगडी. पंचवीस किलोमीटर ती कशी आली, कोणाला विचारून आली, काही पत्ता नाही. बयनाबाई इंचभरही सरकली नव्हती. हीच मोठी गोष्ट.

"कुठं हाय तो?" द्वारकाबाईनं विचारलं.

"पिवळ्या थैलीत टाकतात, आजी. इथून गाडी येते. दूर नेऊन जाळतात म्हणे."

"नेते ना पन? कोनीतरी?"

"नेते."

"पाह्यलं तू? गाडी आली ते?"

पूनमनं पाहिलं नव्हतं. ती धावत मागच्या फाटकाकडे गेली आणि तासभर उन्हात उभी राहिली. गाडी आली. हातमोजे घातलेल्या माणसानं पिवळ्या थैल्या आत टाकल्या, दार लावलं, गाडी गेली. ती परतली आणि म्हणाली, "नेला."

द्वारकाबाईनं मान हलवली. घोंगडी झटकली, उठली, चहा न घेता निघून गेली.

पंधरा दिवसांनी आई घरी आली. पायाला पांढरी पट्टी, हातात गोळ्यांची पिशवी. कापूस अजून तिथंच होता, नंबर लागला नव्हता. खाट तिथंच, ढीग तिथंच. दुपार होती. बाबा विहिरीवर.

"पूनम," आई म्हणाली. "अंगठा दुखून राह्यला वं."

"अंगठा नाई तुले, आई."

"समजते ना मले. तरी दुखते. होता तवा गप होता, आता बोंबलते."

डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं होतं. गेलेला अवयव काही दिवस दुखतो, भ्यायचं नाही. पूनमनं तसं आईला सांगितलं, पण आईचे डोळे भरलेलेच राहिले. मग पूनम खाटेच्या पायथ्याशी बसली. जिथं अंगठा असायला पाहिजे होता, त्या रिकाम्या जागेभोवती तिनं दोन्ही तळहात धरले. कशाला न शिवता. नुसते झाकून.

"नेला त्याले," ती हळूच म्हणाली. "मी पाह्यलं. गाडीत घालून नेला. झालं आता."

थोड्या वेळानं आईचा श्वास लांब झाला. झोप लागली.

ढिगावरून एक पुंजका सुटला. पूनम हात न हलवता बघत राहिली. तो आईच्या उशीवरून आला, हातांवरून आला, पट्टीपाशी आला. तिथं थांबला नाही. तिच्या बोटांवरून सरकत गेला, उंबऱ्याबाहेर पडला. वारा नव्हता. त्याच्या मागून दुसरा गेला. मग तीन-चार एकदम.

पूनमनं आईच्या अंगावर चादर ओढली आणि दारात आली. पुंजके गल्लीत उतरून डावीकडे वळत होते. डावीकडे एकेक दार लागत होतं, आणि लागणाऱ्या दारांच्या पुढं, मान किंचित वाकडी करून, काळी घोंगडी चालली होती.

रुपाच्या घराच्या पुढं ती दोन पावलं गेली आणि थबकली.

पूनमनं फोन घेतला, चप्पल पायात सरकवली, आणि म्हातारी वळायच्या आत पळत सुटली.